'विद्याथ्र्यांना', 'शेतकर्यांना', 'सव्र्हिस': छापताना मराठी फुटते तेव्हा काय तपासायचं

लग्नसराई, गणपती, यात्रा, निवडणूक, सीझन कुठलाही असो, बेळगावात डीटीपीचं काम करणाऱ्या सगळ्यांकडं ही तक्रार फिरून फिरून येते. मोबाईलवर मजकूर झकास दिसत होता, व्हॉट्सॲपवरून प्रेसला पाठवला, आणि पत्रिका हातात आली तर 'नवऱ्या मुलाचे'चं 'नवर्या मुलाचे' झालंय, 'विद्यार्थ्यांचा'चं 'विद्याथ्र्यांचा' झालंय, वेलांटी एक घर पुढं सरकलीय, नाहीतर चिक्कोडीतल्या क चा पाय मोडून पडलाय. गिऱ्हाईक म्हणणार प्रेसवाल्यानं घाण केली, प्रेसवाला म्हणणार तुम्हीच असं पाठवलंय, आणि बऱ्याचदा दोघंही खरंच बोलत असतात.

यातलं काहीही दुरुस्त करायच्या आधी एक गोष्ट ठरवा, मजकूर मोडलाय की मजकुराचं चित्र मोडलंय. युनिकोडमध्ये, म्हणजे हल्ली सगळीकडं चालणाऱ्या, प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत, 'क्क' असं अक्षर साठवलेलंच नसतं, साठवलेलं असतं ते क, हलन्त, क. ते जोडून एक आकार काढायचं काम फॉन्ट आणि सॉफ्टवेअर दोघं मिळून करतात. म्हणजे आतला मजकूर शंभर टक्के बरोबर असूनही कागदावर वाट लागू शकते, आणि उलटही होतं, दिसायला एकदम बरोबर पण आत सगळा गोंधळ.

तपासायला सोपं आहे. जिथं फुटलेलं दिसतंय तिथूनच ती ओळ कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा, किंवा क्रोमच्या वरच्या पट्टीत पेस्ट करा. तिथं नीट दिसली तर मजकुराला हात लावू नका, दोष सॉफ्टवेअरचा नाहीतर फॉन्टचा. तिथंही फुटलेलीच दिसली तर मजकूर आतून बिघडलाय. आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची रांग आली तर मजकूर युनिकोडमध्ये नव्हताच, जुन्या फॉन्टात होता.

हे न बघता लोक काय करतात, तर आपल्या स्क्रीनवर बरं दिसेपर्यंत अक्षरं ढकलत बसतात. वेलांटी चुकीच्या जागी दिसली की ती उचलून अक्षराच्या अलीकडं टाकायची. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर साठवतात आणि काढताना ती अक्षराच्या आधी येऊन बसते, त्यामुळं तुम्ही हातानं हलवलीत की त्या एका मशीनवर बरं दिसेल आणि दुसरीकडं उघडल्यावर टिंबाटिंबांचा गोल येईल. तो गोल म्हणजे सॉफ्टवेअर सांगतंय की बाबा, ही मात्रा कुणाच्या अंगावर चढवू, अक्षरच नाही. गोल दिसला की फॉन्ट बदलत बसू नका, तिथली टायपिंगची क्रमवारी चुकलीय.

आता सगळ्यात जास्त छळणारी भानगड, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'. शेतकऱ्या, दुसऱ्या, कर्मचाऱ्या, तऱ्हा, वऱ्हाडी, गुऱ्हाळ, यातला तो आडवा र. साधा र, हलन्त, य असं टाकलं तर रफार येतो, सूर्य मधला. आडवा र हवा असेल तर युनिकोडमध्ये दोन वाटा आहेत. एक, र, हलन्त, मग 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं अक्षर, मग य. दोन, टिंबवाला ऱ, हलन्त, य. पहिली वाट युनिकोडच्या २.० आवृत्तीशी जुळवून घ्यायला ठेवलेली आहे आणि कित्येक कीबोर्ड अजून तीच वापरतात. अडचण अशी की जॉइनर दिसत नाही, त्यामुळं बरीच सॉफ्टवेअरं, ऑनलाइन फॉर्म आणि मजकूर 'साफ' करणारी टूल्स त्याला कचरा समजून काढून टाकतात. जॉइनर गेला की उरतं र, हलन्त, य. म्हणजे रफार. म्हणजे 'शेतकर्यांना'. ना टाइप करणाऱ्याचं चुकलं, ना प्रेसवाल्याचं, मधल्या वाटेत एक अदृश्य अक्षर गळालं.

तुमच्या मजकुरात कुठला प्रकार आहे ते बघायला 'ऱ्य' च्या मागं कर्सर ठेवा आणि एकेक बॅकस्पेस मारा. य जाईल, मग हलन्त जाईल, आणि शेवटी खाली टिंब असलेला ऱ उरला तर पक्का प्रकार. बिनटिंबाचा र उरला आणि मध्ये एक बॅकस्पेस वाया गेल्यासारखा वाटला तर आत जॉइनर होता. दिसायला दोन्ही हुबेहूब सारखेच, पण शोधताना सारखे नाहीत. यादीत 'कर्मचाऱ्यांची' समोर दिसतंय आणि कंट्रोल एफ मारलं तर सापडत नाही म्हणणारे जे असतात त्यांचं बहुतेक हेच झालेलं असतं, यादी एकानं एका कीबोर्डवर केली आणि शोधणारा दुसऱ्यावर टाइप करतोय.

माझं मत स्पष्ट आहे, जॉइनरवाली वाट सोडून द्या आणि टिंबवाला ऱ वापरा. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, झालं 'ऱ्य'. ह हवा असेल तर शेवटी स्लॅशऐवजी यू. कुठलंही टूल याला कचरा समजत नाही कारण यात न दिसणारं काहीच नाही. गंमत म्हणजे युनिकोडच्या तक्त्यात ०९३१ या जागेवरच्या ह्या ऱ समोर तो द्रविड भाषांमधला र लिहायला आहे अशी टीप आहे, आणि त्याचंच अर्धं रूप आपला आडवा र. आपल्या भागात हे कुणाला सांगितलं तर हसतात, म्हणजे शेतकऱ्यालासुद्धा कन्नडकडूनच र आणावा लागला की काय म्हणून.

जुन्या फाइलमध्ये जॉइनर अजून शाबूत असतील तर शोधा-बदला वापरून 'र, हलन्त, जॉइनर' च्या जागी 'ऱ, हलन्त' टाकता येतं. लिब्रेऑफिसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन चालू करून बॅकस्लॅश यू २००डी असं इंग्रजीत लिहिलं की जॉइनर सापडतो. पण जॉइनर आधीच गळाले असतील तर मशीनला कळायचा मार्ग नाही, कारण 'र्य' हे खरंही असू शकतं. सगळे र्य एका फटक्यात ऱ्य केले तर 'कार्यक्रम', 'सूर्योदय', 'मर्यादित' सगळ्यांची वाट लागेल आणि सोसायटीच्या लेटरहेडवर मर्यादितची चूक म्हणजे पुढची पाच वर्षं ऐकून घ्यायचं. त्यामुळं शब्दाशब्दानं बदला. शेतकर्य, कर्मचार्य, अधिकार्य, व्यापार्य, पुढार्य, गावकर्य, दुसर्य, तिसर्य, सार्य, बर्य, किनार्य एवढे बदलले की बहुतेक मजकूर सुधारतो. 'व्यापारी', 'दुसरा' अशा शब्दांना विभक्ती लागून जे रूप होतं तिथं आडवा र, आणि आचार्य, भार्या, पर्याय, ऐश्वर्य असे संस्कृतातून तयार आलेले असतील तिथं रफार. र्ह चं पण तसंच, वऱ्हाड, कऱ्हाड, गुऱ्हाळ आडवे, अर्हता रफारवाला.

आता 'विद्याथ्र्यांना'. हे कुणीही टाइप करत नाही, हे जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरचं पोर आहे. जुन्या फॉन्टांची रचना समजली की कारण लगेच कळतंय. कृतिदेवसारख्या फॉन्टात मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. 'मराठी' हा शब्द कृतिदेवमध्ये आतून ई, जे, के, बी, एच एवढाच आहे, ई वर म, जे वर र, के वर काना, मोठ्या बी वर ठ, एच वर दीर्घ वेलांटी. फॉन्ट काढून घेतला की इंग्रजी रांग दिसते ती ह्यामुळं. आणि तिथं अक्षरं बोलण्याच्या क्रमानं नसून दिसण्याच्या क्रमानं असतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार सगळ्यात शेवटी, जसं टाइपरायटरवर मारत होते तसं.

युनिकोडमध्ये रफार सगळ्यात आधी लागतो. 'र्थ्यां' म्हणजे र, हलन्त, थ, हलन्त, य, काना, अनुस्वार. कन्व्हर्टरनं शेवटचा रफार उचलून अख्ख्या जोडाक्षराच्या आधी न्यायला पाहिजे, पण घाईत केलेले कन्व्हर्टर एकच अक्षर मागं जातात आणि य च्या आधी थांबतात. झालं, थ, हलन्त, र, हलन्त, य. 'थ्र्य'. 'कार्यकर्त्यांनी'चं 'कार्यकत्र्यांनी' होतं तेही असंच, 'सर्व्हिस'चं 'सव्र्हिस', 'सामर्थ्य'चं 'सामथ्र्य'. साधं 'कार्य' वाचतं कारण तिथं एकच अक्षर मागं जायचं असतं. म्हणून एकाच शब्दात पहिला रफार बरोबर आणि दुसरा चुकलेला दिसतो, लोकांना वाटतं टायपिस्टला झोप आली होती.

दुरुस्ती करताना 'थ्र्य' च्या जागी 'र्थ्य' आणि 'व्र्ह' च्या जागी 'र्व्ह' बिनधास्त बदला, ही जोडणी मराठीत दुसरीकडं मला तरी दिसलेली नाही. पण 'त्र्य' ला सरसकट हात लावू नका. 'स्वातंत्र्य' आहे, 'त्र्यंबक' आहे, 'त्र्याहत्तर' आहे, तिथं ते बरोबरच आहे. १५ ऑगस्टच्या फ्लेक्सवर 'स्वातंर्त्य' छापून आलं तर कुणाला तोंड दाखवणार. 'कत्र्य' शोधा आणि 'कर्त्य' करा, कार्यकर्ते एकदम जागेवर येतात. 'द्र्य' चं पण तसंच, दारिद्र्य बरोबर लिहिलेलं असतं. आणि शक्य असेल तर कन्व्हर्ट केल्यावर पहिल्यांदा 'र्' जिथं जिथं जोडाक्षराच्या मध्ये अडकलाय ते नुसतं शोधून डोळ्यांनी बघा, मोठ्या फाइललाही फार वेळ जात नाही.

हे झालं मजकूर मोडल्याचं. आता चित्र मोडल्याचं.

बरेच प्रेसवाले अजून पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर आहेत. त्याची शेवटची ७ वी आवृत्ती २००१ सालची, तिला युनिकोड मराठी कळत नाही आणि कळणारही नाही, तिथं तुम्हाला जुना फॉन्टच वापरावा लागणार, तेव्हा चांगला कन्व्हर्टर आणि वरची तपासणी एवढंच हातात. इनडिझाइन असेल तर काम सोपं आहे, सीएस ६ पासून भारतीय लिप्या चालतात, पण पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत जाऊन 'ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडावा लागतो. साधा कंपोझर राहिला की वेलांट्या पळतात आणि हलन्त उघडे पडतात. ज्या फोटोशॉपमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' दिसतो तिथं तो आधी लावा. जुन्या कोरलवाल्यांसाठी माझा जुगाड असा, ओळ इंकस्केपमध्ये टाका, ते फुकट आहे आणि जोडाक्षरं नीट काढतं, तिथं 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा आणि पीडीएफ काढून कोरलमध्ये घ्या. पाथ केल्यावर ती अक्षरं राहत नाहीत, रेघा होतात, म्हणून फॉन्टची कटकटच संपते. पण प्रूफ आधी वाचून घ्या, पाथ झाल्यावर एक मात्रा बदलायची म्हटलं तरी परत पहिल्यापासून.

फॉन्टचा दोष आपल्या भागात जरा जास्तच दिसतो आणि त्याचं कारण आपली गावंच आहेत. चिक्कोडी, हुक्केरी, मण्णूर, येळ्ळूर, कुठल्या ना कुठल्या हट्टीला जोडलेली नावं, डबल अक्षरांची नुसती रेलचेल. बाहेरच्या फॉन्टवाल्यांनी ळ ला ळ जोडून बघितलेलाच नसतो. हिंदीसाठी केलेला एखादा शोभिवंत फॉन्ट घेतला की त्यात ळ असतो पण अर्धा ळ नसतो आणि येळ्ळूरचा पहिला ळ पाय मोडून उभा राहतो. हट्टीतले ट एकावर एक बसायचे ते शेजारी शेजारी बसतात. तेव्हा मजकूर बदलू नका, फॉन्ट बदला. मुक्ता, नोटो, शोभिका यातला एखादा लावून बघा, फुकट मिळतात आणि जोडाक्षरांचा साठा चांगला आहे. मी नवीन फॉन्ट आला की त्यात आधी 'येळ्ळूर, हट्टी, श्रद्धांजली, गुऱ्हाळ, विठ्ठल' एवढी ओळ टाकतो, ती नीट आली नाही तर तो फॉन्ट काढून टाकतो, कितीही देखणा असला तरी.

श्रद्धांजलीवरून आठवलं, निम्म्या फ्लेक्सवर 'श्रध्दांजली' असते. द ला सुटसुटीत अर्धं रूप नाही आणि ध ला आहे म्हणून हात तिकडं वळतो असं मला वाटतं. क्रम द, हलन्त, ध असाच पाहिजे. फॉन्टात द्ध चा आकार नसेल तर 'द्‌ध' असं उघडं दिसेल, ते परवडलं, पण दिसायला बरं म्हणून ध आधी घेऊ नका.

वर्डमध्ये फॉन्ट बदलूनही काही होत नाही अशी तक्रार असेल तर कंट्रोल डी दाबा. तिथं 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' म्हणून वेगळा कप्पा आहे, मराठीचा फॉन्ट आणि साइज दोन्ही तिथून ठरतात, वरच्या कप्प्यात कितीही बदला.

कन्नड-मराठी एकाच फाइलमध्ये असणाऱ्यांनी हे वाचाच. २०२४ पासून पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, त्यामुळं आता जवळपास प्रत्येक बोर्ड दोन लिप्यांचा. वर मी जॉइनर बदलायला सांगितलं, पण ते फक्त मराठी भागात. कन्नडमध्ये 'रॅली', 'रँक' असे शब्द लिहिताना र च्या खाली य चा ओत्तक्षर, म्हणजे खाली जोडायचं छोटं रूप, द्यायचा असतो, आणि नुसतं र, हलन्त, य टाकलं तर त्यांचा रफार म्हणजे अर्कावत्तु होऊन तो पुढं जाऊन बसतो. ते टाळायला कन्नडमध्येही जॉइनरच लागतो, फक्त क्रम उलटा, र, मग जॉइनर, मग हलन्त, मग य. आपल्याकडं हलन्तानंतर, त्यांच्याकडं हलन्ताआधी. अख्ख्या फाइलमधले जॉइनर एका फटक्यात उडवले तर मराठी सुधारायच्या नादात कन्नड बिघडणार आणि ते आपल्यातल्या सगळ्यांना वाचता येतंय असं नाही, बोर्ड चढल्यावर समजतं. नुडीच्या जुन्या फॉन्टातला कन्नड मजकूर मिळाला तर त्याची गत कृतिदेवसारखीच, आधी युनिकोड करून घ्या. आणि दोन्ही लिप्यांना एकच फॉन्ट हवा असेल तर विंडोजच्या निर्मला यूआयमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत, बोर्डाला जरा सरकारी दिसतो पण फुटत नाही.

बाकी किरकोळ. 'दुःखद निधन' मध्ये विसर्गाऐवजी कोलन टाकू नका, ओळ संपताना शब्द तिथंच तुटू शकतो आणि दु: एका ओळीत, खद दुसऱ्या ओळीत, त्या घरच्यांना कसं वाटेल. किमतीआधी रुपयाऐवजी उलटी तिरकी टिकली येत असेल तर मजकूर २०१० च्या आसपासच्या फॉन्टात केलेला आहे, तेव्हा रुपयाचं चिन्ह युनिकोडमध्ये नुकतंच आलं होतं आणि तोवर काही फॉन्टांनी ते टॅबच्या वरच्या बटणावर बसवलेलं होतं. शोधा आणि खऱ्या ₹ नं बदला. सभेचा एसएमएस मधेच तुटत असेल तर मराठीत एका मेसेजमध्ये १६० नाही ७० च अक्षरं बसतात, आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात.

एक्सेलमध्ये सभासद यादी उघडल्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या इंग्रजी ए ची माळ दिसली तर घाबरू नका, ती फाइल यूटीएफ-८ म्हणजे युनिकोड साठवायच्या पद्धतीत आहे आणि एक्सेल तिला भलत्याच पद्धतीनं वाचतंय. डबल क्लिक न करता डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट' घ्या आणि ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा. तशीच सेव्ह मात्र करू नका, हलन्ताचा शेवटचा बाइट विंडोजच्या त्या जुन्या पद्धतीत रिकाम्या जागेवर पडतो, तो गळाला तर नंतर बाकी बरंच परत येईल पण जोडाक्षरं येणार नाहीत.

आणि नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, ???? असं, तर कन्व्हर्टर शोधण्यात वेळ घालवू नका. त्यात आता मराठी उरलेलीच नाही, प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह साठवलं गेलंय. ज्यानं पहिल्यांदा पाठवलं त्याच्या फोनमध्ये मूळ मेसेज शिल्लक आहे का ते आधी विचारा.